एसीतला दुसरा गॅस

१

सकाळी साडेदहाच्या सुमारास शिवणबाई आपल्या तीस वर्षं जुन्या गाडीत बसल्या, दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली आणि एसीच्या पंख्याचं बटण दाबलं. त्याच क्षणी गाडीच्या आत भस्सकन जाळ झाला. चारही काचा उडून अंगणभर पसरल्या.

शेजारच्या घरातले सर धावत आले. जिन्याखाली आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. महिन्याभरापूर्वी सरांनीच ते आणून लावलं होतं. त्यांनी ते गाडीत रिकामं केलं आणि बाईंना काखेत धरून बाहेर ओढलं. बाई वाचल्या. भुवया गेल्या, गाल भाजले, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत सोलवटून निघाले.

बाई बेचाळीस वर्षं शिवण शिकवत होत्या. अंध मुलींच्या शाळेत त्या अजूनही आठवड्यातून दोनदा जायच्या. मुलींची बोटं आपल्या बोटांत धरून त्यांना टाका शिकवायच्या. त्या दिवशीही तिकडेच निघाल्या होत्या.

दुपारपर्यंत गुन्हेगार सापडलासुद्धा. सर तंत्रशाळेत रेफ्रिजरेशन शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी फौजदारांना आपल्या सुरेख अक्षरात एक पानभर अभिप्राय लिहून दिला. त्यात म्हटलं होतं: ‘गाडीचा एसी जुन्या गॅसवरून नव्या गॅसवर बदलल्याचं एसी मिस्त्री सांगतो. प्रत्यक्षात जाड नळीवर नव्या गॅसचं तोंड बसवलेलंच नाही, जुनं आट्यांचं तोंड तसंच उघडं आहे. त्यातून घरगुती जळाऊ गॅस भरला असावा. तो गळून बंद गाडीत साठला आणि ठिणगीने पेटला.’

चार वाजता मिस्त्रीला उचललं. पाच वाजता त्याच्या गॅरेजच्या पाटीवर दगड पडले. कुणीतरी शटरवर शेणाने ‘खुनी’ लिहिलं. बाई जिवंत होत्या, पण लिहिणाऱ्याला तेवढा धीर नव्हता. बाकीचे हात उंच करून फोनवर चित्रण करत होते.

२

विमा कंपनीच्या सर्वेअरबाई तिसऱ्या दिवशी आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, मोजकं बोलणाऱ्या. पंचवीस वर्षं जळक्या, चेपलेल्या, बुडालेल्या गाड्या पाहून गाड्यांच्या बाबतीत त्यांचं पोट घट्ट झालं होतं. माणसांच्या बाबतीत अजूनही ढवळायचं.

गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तशीच उभी होती. आत जळक्या फोमचा गोडसर, ओकारी आणणारा वास कोंडला होता. स्टिअरिंगवर काहीतरी पातळ, कागदासारखं चिकटलं होतं. ते कागद नव्हे हे कळल्यावर त्यांनी मान फिरवली. आरशाच्या दांडीला चार रंगांचे प्लास्टिकचे गोळे वितळून लोंबत होते.

“हे काय?” त्यांनी पहाऱ्यावरच्या हवालदाराला विचारलं.

“अत्तरं असतील, मॅडम. गाडीत लावतात ती.”

“चार?”

हवालदाराने खांदे उडवले.

“बॉनेट उघडा.”

“नाही उघडत. आतली खटकी वितळलीय. त्याच दिवशी आम्ही दोघांनी खेचून पाहिलं. साहेब म्हणाले, राहू द्या, सर्वेअर बघतील.”

सर्वेअरबाईंनी पिशवीतून तार काढली, तिला आकडा केला आणि पुढच्या जाळीतून आत घातली. पाव तास घाम गाळल्यावर बॉनेट खटकन सुटलं. आतलं सगळं शाबूत होतं, कारण आग फक्त माणसं बसतात तिथे लागली होती. एका बाजूला मिस्त्रीचा स्टिकर होता: बदलाची तारीख, नव्या गॅसचं नाव, वजन, तेलाचा प्रकार. बारीक नळीवर नव्या गॅसचं तोंड होतं, लाल टोपणासकट. जाड नळीवर मात्र जुनं आट्यांचं तोंड उघडं होतं.

सरांनी लिहिलं होतं अगदी तसं.

त्या भिंग लावून वाकल्या. आट्यांच्या खाचांत लाल, वाळलेल्या गोंदाचे कण अडकले होते. आट्यांच्या खालीच नळीवर पकडीच्या दातांचे ओरखडे होते, चकचकीत आणि ताजे. मग त्यांनी आपलं गॅस ओळखायचं यंत्र नळीला लावलं. आत थोडा गॅस शिल्लक होता. काटा सरळ लाल पट्ट्यात गेला.

जळाऊ गॅसच होता. स्वयंपाकघरातला.

त्यांनी बॉनेट बंद केलं आणि मिस्त्रीला कुठे ठेवलंय ते हवालदाराला विचारलं.

३

मिस्त्री कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या शर्टावर कुणीतरी थुंकलेलं वाळलं होतं आणि त्याने ते पुसलं नव्हतं.

“काय काय केलंत ते सांगा,” सर्वेअरबाई म्हणाल्या. “मला काम कळतं, सगळं सांगा.”

तो आधी बोलेना. मग एकदा सुरुवात झाल्यावर थांबेना. “जुना गॅस मशिनमध्ये काढून घेतला, मॅडम. जुना गॅस आता मिळत नाही, म्हणून तर बदलायचं. जुनं तेल काढलं, नळ्या धुतल्या, सगळ्या रबरी रिंगा नव्या घातल्या, ड्रायर नवा. डॅशबोर्डातली कॉइल तासभर व्हॅक्यूमवर ठेवली, सुईसुद्धा हलली नाही, म्हणजे गळती शून्य. नवा गॅस जुन्यापेक्षा थोडा कमी भरायचा असतो, तेवढा तोलून भरला.”

“तोंडं?”

“दोन्ही बसवली की! जुन्या तोंडाला आटे असतात. नव्याला नसतात, ते दाबून बसतं. मुद्दामच वेगळं केलेलं असतं, म्हणजे भलता गॅस कुणी भरू नये. आणि मी ते जुन्या आट्यांवरच लाल गोंद लावून आवळतो. एकदा वाळला की हाताने निघत नाही. पकड लावून, पिळून तोडावं लागतं.”

“गार व्हायचं का नीट?”

“खरं सांगू? पहिल्याइतकं नाही. जुन्या गाडीला नवा गॅस घातला की जरा कमीच गार होतं. मी बाईंना आधीच सांगितलं होतं.” त्याने तळहात पाहिले. “माझा गॅस गळला असता ना, तर गार व्हायचं थांबलं असतं. बस. तो असा पेटत नाही, मॅडम.”

“आटेवाली जुनी नळी अजून आहे तुमच्याकडे? जुना गॅस भरायची?”

“नाही. एकच संच होता. पाच-सहा वर्षं झाली, सरांनी मागून नेला. मुलांना दाखवायला. नंतर तंत्रशाळेने जुनं सामान काढून टाकलं म्हणे.”

सर्वेअरबाई उठल्या.

“मॅडम,” तो मागून म्हणाला, “बाईंचे हात कसे आहेत?”

तीन दिवसांत एवढं विचारणारा हा पहिलाच माणूस होता.

४

बाईंचा भाचा वरच्या मजल्यावर राहायचा. अडतिशीचा, गुळगुळीत, घरातही सेंट मारून बसणारा. आत्याची गाडी दर रविवारी तोच काढायचा.

“सोडू नका त्या मिस्त्रीला,” त्याने दारातच सुरुवात केली. “फासावर द्या. आमच्या आत्याचे हात—”

“आरशाला अत्तरं कुणी लावली होती?”

“मी. का?”

“चार?”

“एकाने भागेना. गाडीत घाण वास यायचा. मला वाटलं, घूसबीस मेली असेल कुठेतरी.”

“घुशीचा वास होता?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “जरा... गॅससारखा.”

“कधीपासून?”

“महिना-सव्वा महिना.”

“आत्याला बोललात?”

“तिला नाही कळत. दोन वर्षांपूर्वी तापात तिचं नाकच गेलं. दूध करपलं तरी पत्ता नसतो तिला. कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे.”

“म्हणून तर विचारते. तिला कळत नव्हतं आणि तुम्हाला कळत होतं. सांगितलंत का?”

“सांगितलं असतं तर गाडी गॅरेजला गेली असती पंधरा दिवस. आमचे रविवार...” त्यालाच ते ऐकायला बरं वाटलं नसावं. घाईघाईने म्हणाला, “आणि मी काचा उघड्या ठेवून चालवायचो ना!”

“तुम्ही उघड्या ठेवायचात.”

“हो.”

“आणि परत आणून लावताना?”

त्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. समोर ठेवलेलं पाणी सर्वेअरबाईंनी उचललं नाही. जिना उतरताना त्यांनी कठड्यालाही हात लावला नाही.

पण हा ऐतखाऊ पकड हातात धरणाऱ्यांपैकी नव्हता. त्याची नखं बाईमाणसासारखी कातरलेली होती, आणि नळीवरचे ओरखडे तर जाणकार हाताचे होते: एकदाच पकडलेलं, एकदाच पिळलेलं.

५

इस्पितळात शिवणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात पांढऱ्या गाठोड्यांसारखे समोर ठेवलेले. आवाज मात्र शिक्षिकेचाच होता, खणखणीत.

“बसा. हात जोडता येत नाहीत, राग मानू नका.”

“एसीचा गॅस बदलल्यानंतर गाडी पुन्हा कुणाला दाखवली होतीत?”

“कुणालाच नाही. गरजच काय? आधी थोडं कमी गार व्हायचं, मिस्त्री बोलले होते तसं. मी सरांपाशी कुरकुर केली होती एकदा. पण मग आपोआप सुधारलं हो! बहिणीकडे दहा दिवस जाऊन आले, गाडीत बसले, तर काय गारठा! शाल आणावी असं वाटलं.”

सर्वेअरबाईंची लेखणी थांबली. “आपोआप?”

“तर काय. मी म्हटलंसुद्धा सरांना, मिस्त्रींच्या हाताला गुण आहे, दिवसेंदिवस मुरतंय त्यांचं काम. सर नुसते हसले.”

“तुम्ही बहिणीकडे असताना गाडीची किल्ली?”

“सरांकडे. एरवीही असते. तेच आठवड्याला चालू करून ठेवतात, पुसतात. फार करतात हो माझं. एसीचा गॅस बदलूच नका म्हणत होते, माझ्याकडे दुसरा उपाय आहे म्हणत होते. मीच ऐकलं नाही.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला, पण गालाची कातडी ताणली आणि त्या मध्येच थांबल्या. “ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, नाही का?”

सर्वेअरबाईंनी वही मिटली. एसी म्हणजे लोणचं नव्हे, तो मुरत नाही. एकदा कमी गार होऊ लागलेला एसी कुणी हात लावल्याशिवाय जास्त गार होत नाही.

बाहेर येऊन त्यांनी फौजदारांना फोन लावला. “माझ्याबरोबर एका ठिकाणी चला. आत मी बोलते. तुम्ही फक्त ऐका.”

६

सरांची खोली लखलखीत होती. भिंतीवर कंप्रेसरचे कापून दाखवलेले नमुने, प्रत्येकाखाली चिठ्ठी. एका खिळ्यावर गॅस भरायच्या जुन्या गेजचा संच, तीन रंगांच्या नळ्या गुंडाळून टांगलेला.

“या, या,” सर म्हणाले. “माझा अभिप्राय उपयोगी पडला ना? या पोरांना शास्त्र ठाऊक नसतं. दहावी नापास माणसं गॅस भरतात, दुसरं काय होणार?”

“अभिप्राय फार उपयोगी पडला,” सर्वेअरबाई म्हणाल्या. फौजदार दाराशी उभे राहिले. “एकच शंका आहे. जाड नळीवरचं आट्यांचं तोंड उघडं आहे, हे तुम्ही कधी पाहिलंत?”

“त्याच दिवशी. आग विझवल्यावर.”

“बॉनेट उघडून?”

“अर्थात.”

“आगीत बॉनेटची खटकी वितळली होती, सर. ते तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा मी उघडलं, तार घालून. त्याआधी कुणालाच उघडता आलं नाही.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मग आधी कधीतरी पाहिलं असेल. मीच चालू करतो गाडी.”

“म्हणजे ते तोंड नाही हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. तरी बाईंना बोलला नाहीत. आणि मिस्त्रीने ते बसवलंच नाही म्हणता, तर आट्यांत त्याच्या लाल गोंदाचे कण कसे? ते बसवलेलं होतं. कुणीतरी पकडीने पिळून काढलं, कारण त्याच्याकडची नळी जुनी, आट्यांची होती.” त्या भिंतीपाशी गेल्या, रुमाल धरून खिळ्यावरच्या निळ्या नळीचं टोक उलटं केलं आणि भिंग लावलं. पितळी नटाच्या आत लाल चुरा चिकटला होता. “ही नळी.”

सर आता रडतील, पाया पडतील, असं फौजदारांना वाटलं. सर ताठ बसले.

“सहा अंश,” ते म्हणाले.

“काय?”

“जाळीतून येणारी हवा सहा अंश होती. त्या मिस्त्रीच्या गॅसवर अकरा. मी स्वतः थर्मामीटर लावून मोजलंय. माझ्या गॅसला जुनं तेल चालतं, जुन्या रिंगा चालतात, काही बदलावं लागत नाही. मी तिला सांगत होतो. तिने माझं न ऐकता त्या अडाण्याकडे गाडी नेली. विचारा तिला, किती गार होत होतं!”

“त्यांनी सांगितलं. मिस्त्रींच्या हाताला गुण आहे म्हणाल्या.”

सरांचा चेहरा पहिल्यांदा हलला. “तेच! मी सगळं सांगणार होतो. तिने कौतुक केलं की सांगायचं, असं ठरवलं होतं. तर ती त्याचंच कौतुक करत सुटली. मग कुठल्या तोंडाने सांगणार?”

“गळायला कधी लागलं?”

“दीड महिना. कॉइलला बारीक छिद्र पडलं असावं. अगदी किंचित होतं. पंधरवड्याला थोडा थोडा भरून देत होतो मी.”

फौजदारांच्या तोंडून शिवी निसटली. सर्वेअरबाई भिंतीपासून वळल्या.

“गॅस त्यांच्या गाडीत गळतोय. त्यांना वास येत नाही. हे माहीत असून तुम्ही भरत राहिलात.”

“गारवा कमी झाला असता तर ती पुन्हा त्याच्याकडेच गेली असती!”

“आणि जिन्याखालचं नळकांडं?”

“खबरदारी. मी काही बेजबाबदार माणूस नाही.”

सर हे मनापासून म्हणत होते. सर्वेअरबाईंनी एवढ्या वर्षांत चोर पाहिले होते, लबाड पाहिले होते, स्वतःचं दुकान जाळणारे पाहिले होते. त्यांच्यासमोर बसून त्यांनी चहासुद्धा प्यायला होता. या खोलीत मात्र त्यांना श्वास घ्यायचीही किळस आली. त्या बाहेर अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. नळीची जप्ती, पंचनामा, सगळं फौजदारांनी एकट्याने केलं.

७

मिस्त्री संध्याकाळी सुटला. दुसऱ्या दिवशी त्याने बादली घेऊन शटर धुतलं. दगड मारणाऱ्यांपैकीच दोघंतिघं येऊन म्हणाले, आम्हाला आधीपासूनच संशय होता सरांचा. एकाने तर ब्रश घेऊ का म्हणून विचारलं. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं नाही. शटर कोरडं केलं आणि पुन्हा कुलूप लावून इस्पितळात निघून गेला.

आठवड्याने सर्वेअरबाई तिथे पोहोचल्या तेव्हा तो शिवणबाईंच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं: उजव्या हाताची तीन बोटं पूर्ण वाकणार नाहीत.

“भाचा येऊन गेला,” शिवणबाई म्हणाल्या. “मी सांगितलं, खोली रिकामी कर. रडला बराच. रडताना रुमालाला सेंट होतं की नाही, तेवढं मला कळलं नाही.”

सर्वेअरबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं. “सरांनी कोठडीतून पत्र लिहिलंय तुम्हाला. फौजदारांनी प्रत ठेवून घेतली. वाचायलाच हवं असं काही नाही.”

“वाचा.”

तीन पानं होती, त्याच सुरेख अक्षरात. पहिल्या पानावर दोन्ही गॅसच्या दाबांची तुलना होती. दुसऱ्यावर कॉइलची आकृती, बाण काढून. तिसऱ्यावर लिहिलं होतं की छिद्राचा आकार ठरवताना अंदाज थोडा चुकला, एरवी पद्धत निर्दोष आहे, आणि कोर्टात बाईंनी गारव्याबद्दल खरं काय ते सांगावं. सर्वेअरबाई एका सुरात वाचत गेल्या. मिस्त्री खाली फरशीकडे पाहत होता.

“संपलं?” शिवणबाईंनी विचारलं.

“संपलं.”

“हातांबद्दल काय लिहिलंय, ते पुन्हा वाचा. माझं लक्ष नव्हतं बहुतेक.”

सर्वेअरबाईंनी पानं उलटली. पहिलं, दुसरं, तिसरं. मग पाठीमागची बाजूही पाहिली.

“हातांबद्दल काही नाही, बाई.”

शिवणबाईंनी मान हलवली.

“बाहेर टाकून या ते,” त्या म्हणाल्या. “आणि येताना हात धुऊन या.”